रविवारची ड्यूटी

आमच्या मंडळीतले माझे ते जुने सोबती सभेत मत द्यायला हात वर करत तो खांद्यापासून, सरळ. "मोजला का, बाबू?" मला विचारत, आणि मी हो म्हटल्याशिवाय खाली घेत नसत.

जबलपूरच्या गढ्यातली आमची मराठी बाप्टिस्ट मंडळी, म्हणजे चर्च, पंचवीस-तीस घरांची, बहुतेक तोफांच्या कारखान्यातली. आमच्यात वर बिशप नसतो. सतरंजी घ्यायची की पाळक, म्हणजे पाद्री, नेमायचा, सारे सभेत हात वर करून ठरते. एकदा नाताळच्या जेवणाला त्यांच्या बायकोने पुलाव सुचवला, तर यांचा हात विरोधात. ती म्हणाली, "घरी पण हात मोजत जा. मग पाहू पोळ्या कोण लाटते." तेही हसले, पण हात तसाच.

एकाहत्तरच्या लढाईत चर्चांच्या एका मोठ्या संघाचा निरोप आला. सामील व्हा, गळके छप्पर दुरुस्त करू, पाळकाचा पगार देऊ. इमारत मात्र संघाच्या नावावर करा. मी मंडळीचा सेक्रेटरी. संघाच्या कमिटीत मला जागा मिळणार होती, हे मी कुणाला सांगितले नव्हते.

"छप्पर आपण टाकू, बाबू," ते म्हणाले. "आज छप्पर देऊन राहिले, उद्या पाळकही तेच पाठवतील. मग आपण हात काहून वर करायचा? रविवारी सभेत बोलतो मी."

ते बोलले की चारपाच माणसे तरी फिरत, हे मला माहीत होते.

कारखान्यात ते लेथवर होते आणि मी ड्यूटी लावणारा कारकून. लढाईत सुट्ट्या रद्द होत, कोणी कारण विचारत नसे. त्या रविवारी त्यांची सुट्टी होती. शनिवारी मी त्यांचे नाव सकाळच्या पाळीत घातले. कामाची काही गरज नव्हती. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

ठराव तीन हातांच्या फरकाने पास झाला.

दोनेक वर्षांत संघाचा पाळक आला, उपासना हिंदीत झाली. मग आम्हाला शहराच्या सदर भागातल्या मोठ्या मंडळीत मिसळले आणि गढ्याच्या इमारतीला कुलूप लागले. तेव्हा ते माझ्या घरी आले. मंडळी सोडणाऱ्याला दुसऱ्या मंडळीच्या नावे चिठ्ठी देण्याची आमच्यात रीत आहे.

"कोणत्या मंडळीचं नाव घालू?" मी विचारले.

"जागा सोडून दे. आपल्यासारखी भेटली की मी भरीन." दारात थांबून म्हणाले, "त्या रविवारी ड्यूटी लागली नसती तर बोललो असतो. जाऊ दे. तुझा काय इलाज त्यात."

मी म्हणालो, "चहा घेऊन जा."

आपला कारभार आपण पाहणारी दुसरी मराठी मंडळी जबलपुरात नव्हती. ते पुढे कुठेच गेले नाहीत.

ते वारले तेव्हा त्यांच्या बायकोने पवित्र शास्त्रातून ती चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. घड्यांवर विरलेली, नावाची जागा कोरी. कबरस्तानात संघाच्या पाळकाने रजिस्टर उघडून विचारले, "भाई साहब किस चर्च के थे?"

ती माझ्याकडे पाहत होती. चिठ्ठी माझ्या खिशात होती.

"हमारे ही," मी म्हणालो.

रजिस्टरात त्यांच्या नावापुढे संघाचे नाव आहे. खाली साक्षीदार म्हणून सही माझी.