डावीकडची चकती

जुन्या पिकअपचं इंजिन पुन्हा बांधलं, गंज घासला, तोच हिरवा रंग दिला. चिखलात चारही चाकांची ओढ हवी असेल, तर अजूनही खाली उतरून पुढच्या चाकांवरच्या चकत्या हाताने फिरवाव्या लागतात. बायको होती तेव्हा उजवी मी फिरवायचो, डावी ती. तिकडून तिचं “झालं!” आलं की मगच मी गिअर टाकायचो.

“काका, बसल्या जागी बटण दाबायचं, तसं करून देतो,” मेकॅनिक म्हणाला. मी नको म्हटलं.

आज ओढ्यात गाडी रुतली. उजवी फिरवली, बॉनेटला वळसा घालून डावी फिरवली. एकट्या माणसाचं काम फारसं वाढत नाही, वळसे तेवढे वाढतात.

दोन्ही चकत्या माझ्याच हातांनी फिरवल्या होत्या, तरी गिअरवर हात ठेवून मी डावीकडे कान देऊन बसून राहिलो.