अर्धी विणलेली बाज

आमच्या विद्यापीठाच्या कलाकेंद्रात खाली दोन कलादालनं आहेत, वर नाट्यगृह, आणि मधे एक लांबलचक पॅसेज. पॅसेजमध्ये ठेवलेली वस्तू ज्याला लागेल त्याची, हा आमचा अलिखित कायदा. मी नाटक शिकवतो. नाटकवाल्याला तसंही जगातली प्रत्येक वस्तू प्रॉपर्टीच दिसते. एकदा मी कुलगुरूंच्या दालनातली खुर्ची राजदरबारात मांडली होती. ते पहिल्या रांगेत बसून पूर्ण अंकभर ती कुठं पाहिली हेच आठवत होते.

यंदा परीक्षांच्या दिवसांत मला तालमीला बाज हवी होती. पॅसेजमध्ये एक सापडली. अर्धीच विणलेली, सुतळीचा गुंडा खाली लोंबतोय. मला तर आनंदच झाला. पैठणला मामाकडं मी लहानपणी बाज विणायला शिकलो होतो, आणि हे कौशल्य दाखवायची संधी प्राध्यापकाला कुठं मिळते? नटमंडळींना भोवती बसवलं, लोककारागिरीवर छोटंसं भाषण ठोकलं आणि कामाला लागलो. विणलेल्या भागातल्या शेवटच्या ओळी मला जरा तिरप्या वाटल्या. त्या उसवल्या, सरळ केल्या आणि पुढं विणत गेलो. झाल्यावर बाजेवर आडवा होऊन फोटोही काढून घेतला.

मी आडवा असतानाच शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती आणि परीक्षकांपुढं मांडायच्या कामाची पाटी छापून आणायला ती उस्मानपुऱ्यात गेली होती. मी पडल्या पडल्याच तिला म्हणालो की बघ, कुणीतरी अर्धवट टाकलेलं काम मी तडीस नेलं.

तिनं हातातली पाटी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "सर, ही बाबांची बाज आहे. पाचोडच्या बाजारात विणून द्यायचे. ही विणताना छातीत कळ आली म्हणून उठले, ते परत बसलेच नाहीत. मी तशीच मांडणार व्हते."

तिचं परीक्षेचं काम म्हणजे ती अर्धी बाज. बाकी काही नव्हतंच.

मी किती चपळाईनं उठलो ते आमच्या नृत्य विभागानं पाहायला हवं होतं. माफी मागायला लागलो, तर ती खाली बसून विणीवरून बोटं फिरवत होती. "तुमचं सैल आहे सर," ती म्हणाली. "बाबांचं घट्ट असतं." मग आम्ही दोघं उसवत गेलो. घट्ट वीण हाताला लागली तिथं ती थांबली आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

"बाबांचं तर काही उसवलं नाही ना तुम्ही?"

"नाय गं," मी म्हणालो.

भोवती बसलेल्या माझ्या नटांनी सगळं पाहिलं होतं. वर्षभर शिकवून जो संयत अभिनय त्यांच्याकडून निघाला नाही, तो त्या क्षणी सगळ्यांनी एकदम केला. कुणी फरशीकडं पाहिलं, कुणी मोबाइलकडं. तोंड कुणीच उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाजेपाशी बराच वेळ उभे राहिले. तिनं विणीच्या कडेवर बोट ठेवून सांगितलं, "इथं बाबा उठले." मी दाराशी चहाचा कप धरून उभा होतो. तिचे बाबा त्याच्या थोडे पुढं जाऊन उठले होते, हे सांगायला माझं तोंड मोकळं होतं. मी चहा प्यायलो.

ती चांगल्या गुणांनी पास झाली आणि जाताना बाज केंद्राला देऊन गेली. आता बाज खालच्या दालनात कायमची आहे. पाहुणे आले की कलादालनं दाखवायचं काम बहुतेक माझ्याकडंच येतं. मीही त्याच कडेवर बोट ठेवतो, तेच वाक्य सांगतो. लोक वाकून ती कड बघतात. माझा आवाज तिथं जरा जास्तच छान लागतो, असं शिपाई म्हणतो.

परीक्षेआधी प्रत्येक विद्यार्थी आपल्या कामाचे ढीगभर फोटो काढून ठेवतो. तिनंही काढले असणार, माझा हात लागायच्या आधीच्या बाजेचे. तिनं ते मला कधी दाखवले नाहीत, आणि मीही कधी मागितले नाहीत.