साठीतलं बाळंतपण

मला मूलबाळ नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण अर्ध्यात कुणी 'अय्या, तुम्हाला नाही का?' असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. नाही झालं. डॉक्टर झाले, नवस झाले, सासूबाई वाट बघून बघून गेल्या, मग पाळीही गेली आणि विषय संपला. तरी माझं बाळंतपण झालं. एकसष्टाव्या वर्षी, मुलुंडला, चौथ्या मजल्यावरच्या घरात. आणि ते केलं माझ्या धाकट्या जावेने. तिचे उपकार फिटायचे नाहीत, पण निदान सांगावेत तरी, म्हणून बसले आहे.

डाव्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, मग लाइट झाले. किरणांच्या उपचाराला तिथे सगळे लाइटच म्हणतात. ते संपल्यावर डॉक्टरबाईंनी मला आणि नवऱ्याला समोर बसवलं. बाई माझ्या निम्म्या वयाच्या, पण बोलणं एकदम सरळ. म्हणाल्या, तुमची गाठ बायकांच्या हार्मोनवर पोसणारी होती. पाळी गेली तरी शरीर ते थोडं थोडं बनवत राहतं, अगदी चरबीतसुद्धा. ही गोळी ते कमी करेल, म्हणजे आजार परत यायची भीती कमी होईल. रोज एक. पाच वर्षं. कंटाळा करायचा नाही.

मी म्हटलं, अहो, तिशीत असताना हेच हार्मोन वाढावेत म्हणून मी दोन वर्षं ढुंगणावर इंजेक्शनं घेतली आहेत. तेव्हा वाढले नाहीत मेले, आणि आता कमी करायला गोळी? नवरा खाली मान घालून बसला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ही गोळी मात्र काम करते. त्या एका वाक्यावर मी गोळी सुरू केली.

आता जावेबद्दल. ती मालवणकडची, मी गिरणगावात वाढलेली. ती लग्न होऊन आली तेव्हा एकवीस वर्षांची होती, आई लहानपणीच गेलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण माहेरी करणार कोण? मग मी केलं. दुसरं आणि तिसरंही मीच केलं. खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, अंगाला तेल, कानाला रुमाल, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, दुधातून शतावरी कल्प. ऑफिसला रजा टाकून सव्वा सव्वा महिना. लोक म्हणायचे, स्वतःला नाही तरी किती मनापासून करते. ते मनाला लागायचं, पण तिची पोरं मांडीवर घेतली की मी विसरायचे. आधी ती मला 'वयनी, तुमी' म्हणायची. तिसऱ्या बाळंतपणानंतर कधीतरी 'तू' म्हणायला लागली. मला ते आवडलं.

आता ती आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. ऑपरेशन होऊन मी घरी आले तर ही बया दारात भाकरतुकडा घेऊन उभी. तो माझ्यावरून ओवाळला, पाण्याचा हात डोळ्यांना लावला आणि मगच मला उंबरा ओलांडू दिला. मी म्हटलं, अगं, हे काय, मी काय बाळ घेऊन आले आहे? ती म्हणाली, "तू गप रव." तिथून सुरुवात झाली. अंगात गेलेलं बळ परत आणायचं तर ते कसं, हे तिला एकाच पद्धतीने माहीत होतं. माझ्याच हातून शिकलेली पद्धत.

कानाला रुमाल आला. पंखा बंद झाला, वारं लागतं म्हणे. दोन वेळा गरम गरम जेवण वर यायचं, मऊ भात, लसणाची फोडणी, पालेभाजी. लाडवांचा डबा माझ्या उशाशी. लाइट घेतलेल्या बाजूला तेल लावायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तर ती बाजू सोडून बाकी सगळ्या अंगाला तिने तेल चोळलं. त्यात गोळी सुरू झाल्यावर माझ्या अंगातून वाफा निघायला लागल्या. बसल्या जागी छातीपासून वर भडका यायचा, मिनिटभरात गाऊन ओलाचिंब. वर कानाला रुमाल, पंखा बंद, आणि बाहेर मे महिना. मी शिव्या घालायचे आणि ती निवांतपणे माझा घाम पुसायची. खरं सांगते, मला फार बरं वाटायचं. आयुष्यभर दुसऱ्यांची बाळंतपणं काढली, आपण मधोमध झोपायचं आणि घराने आपल्याभोवती फिरायचं हे सुख मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसांत मी थोडे लाडही करून घेतले. जरा जास्तच.

दोनेक महिन्यांनी सांधे धरले. सकाळी उठलं की बोटं वळत नव्हती. परकराच्या नाडीची गाठ सुटेना, गॅसचं बटण फिरेना, बरणीचं झाकण तर विसराच. पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत जायला भिंत धरावी लागे. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं, झालं तर फोन करा. मी केला नाही. जाऊ म्हणाली, बाळंतिणीची हाडं अशीच पोकळ होतात, मी बघते. आणि ती रोज सकाळी आठ वाजता शतावरीचं दूध घेऊन वर यायला लागली. आधी माझ्या तळहातावर गोळी ठेवायची, मग वरून दुधाचा पेला द्यायची. चार महिने असं चाललं.

मध्ये एकदा तपासणीला गेले होते तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, आणखी कुठलं औषध घेता का? मी सांगितलं, नाही. खोटं नव्हते बोलत. शतावरी कल्प हे औषध आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. ते खाणं. आमच्या घरात ते साखर आणि चहापावडरीच्या शेजारी असतं. पुढच्या खेपेला मात्र मी जावेचं कौतुक करायला म्हणून आपणहून सांगितलं, की बघा कशी सेवा करते, सांधे धरले म्हणून अजून रोज शतावरीचं दूध चुकवत नाही.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, काकू, बायकांना दूध यावं म्हणून देतात ना ते? त्यात हार्मोनसारखं काम करणारं काही असू शकतं. नक्की किती परिणाम होतो ते सांगता येत नाही आणि म्हणूनच तुमच्या आजारात ते नको. आजपासून बंद. घाबरायचं कारण नाही, पण बंद. सांधे दुखतात तर मला सांगायचं, ह्याच जातीची दुसरी गोळी आहे, ती लिहून देते, बदलून बघू. रोज चाला, कॅल्शियम घ्या. आणि काहीही झालं तरी आपल्या मनाने गोळी सोडू नका.

घाबरायचं कारण नाही असं त्यांनी सांगितलं, पण मी घाबरले. रिक्षात बसून बोटांवर महिने मोजले. एकीकडून रोज कमी करायचं आणि दुसरीकडून रोज घालायचं, चार महिने हेच केलं होतं मी? माझी भीती कधी भीतीसारखी बाहेर येत नाही, रागासारखी येते. हा माझा जुना दोष. घरी आले तर जाऊ जेवण गरम करत होती. काय म्हणाले डॉक्टर, एवढंच तिने विचारलं.

मी म्हटलं, "माझ्या जिवावर उठलीस तू. तीन पोरं झाली म्हणून स्वतःला डॉक्टर समजायला लागलीस का गं?"

आणखीही बोलले. अडाणी म्हटलं, गावंढळ म्हटलं. नवरा 'अगं, अगं' करत राहिला. तिने गॅस बंद केला, शतावरीची बरणी उचलली आणि गेली. दार हळू ओढून घेतलं, आपटलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले, सव्वाआठ झाले, ती आली नाही. त्या दिवशी गोळी राहूनच गेली. तिसऱ्या दिवशी आठवण होती, पण घेतली नाही. पाकीट हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं. कशासाठी, ते आजही नीट सांगता येत नाही. राग होता, लाज होती. त्यात एक कारणही मिळालं, बोटं जरा हलकी वाटायला लागली होती. खरंच हलकी झाली होती की मला तसं वाटून घ्यायचं होतं, देव जाणे. मी मनाशी म्हटलं, असली पाच वर्षं जगून कुणाला काय मिळणार आहे? मागे रडणारं आहे कोण? नवऱ्याने विचारलं तर घेतली म्हणून सांगायचे. तो बिचारा साधा माणूस, त्याने कधी पाकीट मोजलं नाही. असे अकरा दिवस गेले. नवीन गोळीचं पाकीट फ्रिजवर तसंच पडून होतं, न उघडलेलं.

बाराव्या दिवशी दुपारी तीन वाजता बेल वाजली. दारात जाऊ होती. चेहरा उन्हाने काळवंडलेला, केस विस्कटलेले, खांद्याला पिशवी. मुलुंडच्या पश्चिमेला जायचं तरी हिला सोबत लागते. आणि ती त्या दिवशी सकाळी एकटी, विचारत विचारत, दोन बस बदलून माझ्या हॉस्पिटलला जाऊन आली होती. तिच्याकडे ना केसपेपर, ना नंबर. चार तास बाकावर बसून राहिली आणि सगळे पेशंट संपल्यावर डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरली. पिशवीतून शतावरीची बरणी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं की, मी हे वयनीला चार महिने दिलं, ह्याने तिला काय झालं असेल तर मला आत्ता सांगा.

हे सगळं तिने दारात उभं राहूनच सांगितलं, धापा टाकत. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की थांबवलंत ना, मग झालं. जे खायला चालेल ते त्यांनी तिला मराठीत लिहून दिलं होतं, नाचणी, तीळ, दूध. तो कागद तिने माझ्या हातात दिला. मला तिच्याकडे बघवेना. मी कागदच वाचत राहिले.

मग तिने विचारलं, "गोळी घेतलंस?"

नवऱ्याला अकरा दिवस सहज थापा मारल्या होत्या. तिच्यासमोर जीभ उचलेना. मी सांगितलं, नाही. तू गेलीस त्या दिवसापासून नाही.

मला वाटलं आता ती फटकन काही बोलेल, आणि बोलायला हवंच होतं.  ती मला बाजूला सारून आत गेली, फ्रिजवरचं पाकीट फोडलं, माठातलं पाणी घेतलं आणि परत आली. गोळी तिने माझ्या हातावर ठेवली नाही, सरळ जिभेवर ठेवली. पेला माझ्या तोंडाला लावला. घाईत अर्धं पाणी माझ्या गाऊनवर सांडलं. मी गिळलं.

"आ कर," ती म्हणाली.

मी एकसष्ट वर्षांची, पेन्शनर बाई. मी आ केला.

"जीब वयर कर."

तीही वर केली. तिने खरोखर माझी हनुवटी धरून, वाकून, इकडून तिकडून तोंडात बघितलं, पोरं औषध गालात धरून ठेवतात तेव्हा बघतात तसं. खात्री पटल्यावर हनुवटी सोडली आणि तिथेच दारात, चपला न काढता, मटकन खाली बसून रडायला लागली. मोठमोठ्याने रडत होती. समोरच्यांचं दार किलकिलं झालं, परत बंद झालं.

मी भिंत धरून धरून तिच्या शेजारी खाली बसले. गुडघ्यातून कळ गेली. तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, मी तुला नको नको ते बोलले गं, माझं चुकलं. ऑपरेशनच्या दिवशी रडले नव्हते, केस गेले असते तरी कदाचित रडले नसते, पण तेव्हा मला रडू आवरेना.

तिने पदराने आधी माझं नाक पुसलं, मग स्वतःचं.

"किती व्हया तितक्या बोल माका," ती म्हणाली. "पण बोलूक तू आसाक व्हयी."