तेरा नंबरची गुढी

आमच्या आत्याइतकी परदेशात राहिलेली बाई अख्ख्या कराडात सापडायची नाही, आणि तिच्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. तिच्या हिशेबानं मनमाड ओलांडलं की परदेश सुरू होतो. त्यामुळे आमच्याकडे चंदीगडला राहायला आली तेव्हा ती ज्वारीचं पीठ, काळा मसाला, तांब्याचा तांब्या आणि शिवणाचा डबा अशा तयारीनं उतरली. स्टेशनवर पहिलं वाक्य, ‘‘इथं पाणी उकळून पितात ना रे?’’ मी इथं युनिव्हर्सिटीत अठरा वर्षं शिकवतोय, माझं कुणी ऐकत नाही. पण आत्या प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तिच्यासमोर मी अजून पोक न काढता बसतो.

शहराला सेक्टरांचे आकडे आहेत हे कळल्यावर ती म्हणाली, ‘‘हे गाव आहे का हजेरीपट?’’ मग रोज गाडीतून जाताना ती हजेरी घ्यायला लागली. बाराच्या पुढं चौदा. ‘‘तेरा नंबर गैरहजर!’’ मी सांगितलं की तो नंबर इतकी वर्षं नव्हताच, अलीकडे तो शहराच्या कडेच्या मनीमाजऱ्याला दिलाय. आत्याचे डोळे चमकले. ‘‘उशिरा आलेलं पोर होय? मग त्याच्याकडं बघायला पाहिजे.’’ दुसऱ्याच आठवड्यात ती मनीमाजऱ्यातल्या एका छोट्या शाळेत बिनपगारी शिकवायला लागली. तिचं हिंदी म्हणजे मराठीला मागून लावलेलं शेपूट. ‘‘गडबड मत करो, नाहीतर कान पकडके बाकावर उभा करेगी!’’ पोरं खूश. कानाला हात न लावता धाक दाखवणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

मार्चात तिनं पोरांना वसंतातल्या सणांबद्दल विचारलं. त्यांनी पतंग सांगितले, बैसाखीचा भांगडा तर बाकावर चढून करून दाखवला. मग एका चिमुरडीनं विचारलं, ‘‘आत्याजी, आपके यहाँ क्या होता है?’’ आणि आत्या बोलून गेली, ‘‘गुढी. दिखाती हूँ.’’

घरी आल्यावर ती ‘‘बोलून बसले खरी,’’ एवढंच पुटपुटली. मला मात्र कामाला लावलं. गाठी मिळेनात म्हणून मनीमाजऱ्याच्या बाजारातून बत्तासे आणले. ते दोऱ्यात ओवायचं काम माझ्याकडे आलं. निम्मे फुटले आणि पुरावा मी खाऊन टाकला. काठी म्हणून आमची जळमटं काढायची काठी घासूनपुसून निघाली, तिच्यावर आत्याची कोरी इरकल चढली.

पाडव्याला सकाळी शाळेच्या अंगणात गुढी उभी करून मी कामावर गेलो. पुढचं मला नंतर कळलं. मुख्याध्यापिका बाईंनी आल्या आल्या विचारलं, ‘‘ये किसकी साड़ी सूख रही है?’’ कडुलिंब चावताना एका पोरानं विचारलं, ‘‘मैम, ये त्योहार है या सज़ा?’’ गेटवरचे सरदारजी, माजी फौजी, अत्यंत सज्जन. आत्या वर्गात गेल्याचं बघून त्यांनी स्टूल लावून तांब्या काढला, पाण्यानं काठोकाठ भरला आणि गुढीच्या पायाशी ठेवला. ‘‘माताजी, किसी ने लोटा पुट्ठा टंग दित्ता सी. मैं सिद्धा कर दित्ता.’’ आत्यानं पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं आणि तांब्या पुन्हा उपडा घातला. अर्ध्या तासानं तो पुन्हा भरलेला.

दीड वाजता मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. ‘‘सर, दो बजे गेट बंद होता है. आपकी आत्याजी उठ नहीं रहीं.’’

जाऊन बघतो तर शाळा सुटलेली, पोरं घरी गेलेली, आणि गुढीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत आत्या. मी माझा सगळा प्राध्यापकी शहाणपणा काढला. ‘‘अगं आत्या, आत्ता उतरवू. घरी गॅलरीत पुन्हा उभारू. चार-पाच तासांनी काय फरक पडतोय?’’

‘‘गुढी सूर्य मावळल्यावर उतरवतात.’’

‘‘नियम माहितीय गं, पण...’’

‘‘दुपारी उतरवायची वेळ एकदा आलीय माझ्यावर,’’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली. ‘‘पुन्हा आणू नकोस.’’

मी गाडीची किल्ली खिशात टाकली. मी कॉलेजात असताना पाडव्याच्या जेवणावर बसलेले आतोबा ताटावरून उठलेच नाहीत. घर माणसांनी भरलं, आणि कुणीतरी मला म्हणालं, जा, आधी ती गुढी उतरव. मी ताटावरून उठलो होतो तसाच गेलो आणि उतरवली. तेव्हापासून आत्याच्या दारात गुढी उभी राहिली नव्हती.

सरदारजींना मराठीचं अक्षर कळलं नसणार. त्यांनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, एक खुर्ची ओढली आणि आत्याच्या शेजारी बसले. ‘‘मैडमजी, तुसी जाओ. चाबी मेरे कोल है. मैं माताजी दे नाल बैठांगा.’’ मुख्याध्यापिका बाई गेटापर्यंत गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, ‘‘चाय भिजवाऊँ?’’

साडेपाचला गेट वाजलं. सकाळचीच पोरं, आता आयांना घेऊन. कुणी पराठे आणले होते, कुणी लस्सी. तो सजावाला पोरगा आजीला कडुलिंबाचं पान भरवून तिचं तोंड बघत होता. आत्या एकेकीला हळदकुंकू लावत होती आणि सगळ्यांना एकच सांगत होती, ‘‘पहले कडू, बाद में बत्तासा. उलटा नहीं खाने का.’’

समोरच्या गच्चीवरचं ऊन गेलं. सगळे उठून उभे राहिले. आत्यानं गुढीला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि मला खूण केली.

‘‘उतरव.’’

मी पुढं झालो. काठीला हात लावणार तोच ती हळूच, फक्त मला ऐकू येईल अशी म्हणाली,

‘‘या वेळी हात धुतलेत ना? त्या दिवशी माझ्या साडीला श्रीखंड लागलं होतं.’’

इतक्या वर्षांत ती हे कुणाला बोलली नव्हती. मलाही नाही. मी लहान पोरासारखे दोन्ही तळवे पुढं करून दाखवले. तिनं ते नीट पाहिले, उलटेसुलटे, आणि मान हलवली.