मास्तरांच्या मापाचा कोट

आमच्या मास्तरांची कात्री डोळे मिटूनही चुकणार नाही. गिऱ्हाईक तिरक्या खांद्याचं असो की सुटलेल्या पोटाचं, ट्रायलला आरशासमोर उभं राहिलं की स्वतःच्याच प्रेमात पडतं. आणि हे सगळं शिवणारा माणूस ढगळ शर्टात! बाह्या बोटांपर्यंत, कॉलरमध्ये दोन माना मावतील. मी त्यांच्या शिंपीदुकानात काज-बटणं करते, तोंडाने फटकळ आहे. "मास्तर, पाटी वाचून आलेलं गिऱ्हाईक तुम्हाला बघून पळेल," असं रोज म्हणायची. ते नुसते हसायचे.

ढगळ शर्टामागचं कारण एकदा त्यांच्या मुलीने सांगितलं, आणि मला माझ्याच जिभेची लाज वाटली. आई-वडील गेल्यावर मास्तर काकांकडे वाढले. चुलतभावाचे उतरलेले कपडे अंगावर, तेही दोन मापं मोठे. शाळेत पोरं 'बुजगावणं' म्हणायची. घरी तक्रार केली, तर काकू म्हणाल्या, "तुझ्यासाठी कोण शिवत बसणार?" अजूनही स्वतःचं कापड बेतताना मास्तरांचा हात आपोआप दोन इंच वाढवतो.

मग मुलीचं लग्न ठरलं. ती दुकानात येऊन ठणकावून म्हणाली, "बाबा, मापाचा कोट घालून माझ्या शेजारी उभं राहायचं. नाहीतर फोटोच नको."

मी टेप घेऊन पुढे झाले, तर मास्तर अंग चोरून उभे. छातीचं माप आलं बारा वर्षांच्या पोराचं! तसा कोट शिवला असता तर भर मांडवात उसवला असता. शेवटी आम्ही दोघींनी युक्ती केली. कापड कापताना मास्तर जगाला विसरतात, अंग सैल सोडतात. मुलगी समोरून गप्पा मारायची, मी मागून टेप लावायची. आज खांदा, उद्या पाठ. त्यांना पत्ताही लागला नाही. कटिंग बापाकडूनच शिकलेल्या मुलीने केलं, शिलाई मी.

कोट घालून मास्तर आरशासमोर उभे राहिले. खांदा अस्सा बसला होता! त्यांनी अस्तर चाचपलं, शिवण तपासली आणि हळूच विचारलं, "छान आहे गं. आधी कोणाचा होता?"

मला हुंदका आवरेना. मुलीने त्यांना घट्ट मिठी मारली. "कोणाचाच नव्हता, बाबा. तुमच्यासाठीच शिवलाय."

मास्तर रडले, मग हसले, आणि मग काही केल्या कोट उतरवेनात. तसेच भर उन्हात चहाला गेले, चहावाल्याकडे पाठ करून म्हणाले, "खांदा बघ रे, कसा बसलाय!" आणि घाम पुसत पुसत सगळ्या गल्लीला ट्रायल देऊन आले.