कार्बोरेटरची टोपणं आणि तात्यांचा कान

गॅरेजात किस्से गोळा करावे लागत नाहीत. जुने प्लग, तुटक्या किका, वाकडे स्पोक यांच्यासारखे ते कोपऱ्यात आपोआप साठतात. फेकू म्हटलं की कुणीतरी म्हणतं, राहू दे, कामाला येईल. आष्टीला तात्यांच्या गॅरेजात मी दीड वर्षात पोतंभर साठवले. बहुतेकांत शहाणा दुसराच निघतो, म्हणून सांगायला जीभ उचलत नव्हती. आता सांगतो.

तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला तेव्हा वडील म्हणाले, "जा तात्याकडं, ग्रीस खा." तिथं आधीपासून भागवत होता. शिरूर कासारचा, माझ्याच वयाचा. आईबाप दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचे, हा सातवी करून गॅरेजला चिकटलेला.

आम्ही दोघं, अन् डिसमिस एक. कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायचा बारीक, लाल मुठीचा डिसमिस तात्यांच्या खिशात असायचा. बाकी हत्यारांना कुणीही हात लावावा, त्याला नाही. तात्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "येत्या खंडेनवमीला ह्यो तुमच्यातल्या एकाला देनार. ज्याच्या हातात डिसमिस, त्यो मिस्त्री. दुसऱ्यानं पंक्चर काढावं."

मी पुतण्या. मला वाटलं, यात विचार करण्यासारखं काय आहे?

*

बाजार खुला झाला म्हणतात, तो आष्टीत असा झाला: आधी कोल्ड्रिंक आलं, मग केबल, मग झाडं कापायची परदेशी मशीन. चेनसॉ. बाभळीचे ठेकेदार बबनशेठ ती पुण्याहून घेऊन आले. मशीन नवी कोरी, पण जाड खोडात घातली की मान टाकायची. पेट्रोल वाढवायचं तर कार्बोरेटरच्या दोन्ही स्क्रूंवर पिवळी प्लास्टिकची टोपणं. स्क्रू जरासा फिरायचा, टोपण अडायचं, संपलं.

मी इंग्रजी पुस्तक वाचून सांगितलं, "तात्या, ही मुद्दाम बसवल्यात. धूर वाढू नये अन् कुणीही उठून स्क्रू पिळू नये म्हणून. काढू नका असं लिहिलंय."

"लिहिणारा आष्टीत राहतो का?" म्हणत तात्यांनी पक्कड लावली. टोपण अर्धं तुटून आत राहिलं. मग दोन दिवस तापवलेली सुई घेऊन दात कोरल्यासारखे कोरत बसले.

दुसऱ्या टोपणात भागवतनं बिजागरीचा बारीक स्क्रू चार आटे पिळला, पक्कडीत धरून सरळ ओढला. टोपण बाहेर.

"कुठं शिकला बे?" तात्या म्हणाले.

"बाटलीचं बूच असंच निघतंय की, तात्या."

बबनशेठनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं. "ह्यात न्हाई का लिहिलं ह्ये?"

नव्हतं लिहिलं. मी तीनदा वाचलं.

*

टोपणं निघाली अन् म्हातारे मोकाट सुटले. एक रिटायर गुरुजी मळ्यातल्या झाडांसाठी मशीन घेऊन बसलेले. आल्या आल्या म्हणाले, "तात्या, ॲव्हरेज काढून द्या."

मशीन हातात धरून एका जागी उभं राहायचं असतं. तिचं ॲव्हरेज कशात मोजायचं, हे ना गुरुजींनी सांगितलं ना तात्यांनी विचारलं. तात्यांनी स्क्रू आत पिळला. पेट्रोल कमी. या मशीनीत ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं असतं, म्हणजे ऑइलही कमी. पण पेट्रोल कमी झालं की मशीन अशी काही किंचाळते की ऐकणाऱ्याला वाटावं, ताकद वाढली.

"वा, आता बोलतीय," गुरुजी म्हणाले.

अर्ध्या तासात लिंबाच्या खोडात ती कायमची गप्प झाली. उघडून पाहिलं तर पिस्टन आत चिकटलेला.

"ऑइल भेसळीचं व्हतं," तात्या म्हणाले, अन् जन्मभर पोरांचे कान पिळलेल्या गुरुजींनी मान डोलावली.

*

खरी गोष्ट अशी की तात्यांना ऐकूच येत नव्हतं. आयुष्यभर उघड्या इंजिनांशेजारी बसून कान गेले होते. सगळ्यांना माहीत, बोलायचं कुणीच नाही. काकू दारातून हाका मारमारून दमायच्या अन् शेवटी येऊन खांदा हलवायच्या. मशीन सुरू केली की तात्या म्हणायचे, "आवाज कमी हाय," अन् पिळत जायचे. त्यांच्यापर्यंत आवाज पोचायचा तोवर पिस्टनचे बारा वाजलेले. अशा चार मशीनी गेल्या. चारही वेळा ऑइल भेसळीचं.

एकदा मी सरळ म्हणालो, "तात्या, नगरला जाऊन कान दाखवा."

"कान चांगलेत माझे. तूच हळू बोलतो. शिकलेली पोरं लई तोंडातल्या तोंडात बोलत्यात."

मी ओरडत होतो. समोरचा टेलर मशीन थांबवून बघायला लागला होता.

*

अन् भागवतला सगळं ऐकू यायचं. रस्त्यानं मोपेड गेली की हा ट्यूब घासता घासता म्हणायचा, "चोक ओढलेलाच राह्यलाय तिचा." एकदा मी पळत जाऊन मोपेड थांबवली. चोक ओढलेला होता. मोपेडवाल्यानं माझे आभार मानले, तेवढा एकच माझा फायदा.

गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, "भागवत हाय का?"

"तो न्हाई, मी हाय ना."

"असू दे, येतो मागून."

आईनं तर हद्द केली. संक्रांतीला भागवतला जेवायला बोलावलं अन् त्याच्या पोळीवर तुपाची दुसरी धार सोडली. मला एकच.

"त्याचे आईबाप तिकडं कारखान्यावर हायेत," आई म्हणाली.

"माझे इथं असून त्यांनी काय दिवे लावले?"

वडील ताटावरून उठले. भागवत खाली मान घालून खात राहिला. पोळी त्यानं सगळी संपवली.

*

मी शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. भागवतच मला मागच्या शेडात घेऊन गेला. तात्या जेवायला गेलेले.

"ऐक. मोकळी पळवली की मधी मधी फडफड आली पायजे. फडफड म्हंजी तिला पेट्रोल पुरतंय. नुसती शिट्टी आली म्हंजी तहानली. डोळे मीट."

मी मिटले. मशीन कानाशी किंचाळत होती.

"आली फडफड?"

"आली."

"आता?"

"आता गेली."

त्यानं मशीन बंद केली. "मी स्क्रूला हातच लावला न्हाई बे."

हसला असता तरी चाललं असतं. हसला नाही. कुणाला सांगितलंही नाही. मी पंधरा दिवस वाट पाहिली, कधी सांगतो अन् कधी मी त्याचं नरडं धरतो. नाहीच सांगितलं. त्याचाच जास्त राग आला.

*

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बबनशेठची मशीन भागवतनं दुरुस्त करून फळीवर ठेवली होती. दुपारची वेळ. तात्या घरात आडवे झालेले, भागवत रस्त्यापलीकडं टेलरकडं पँटचं माप द्यायला गेलेला. मी साधा डिसमिस घेतला अन् स्क्रू पाव फेरा आत पिळला. टोपण असतं तर तो एवढा फिरलाच नसता.

थोड्या वेळानं बबनशेठ आले. तात्या उठून बाहेर आले. बबनशेठनी दोरी ओढली, मशीन अशी किंचाळली की शेजारच्या हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली.

"काय आवाज हाय," बबनशेठ म्हणाले. तात्यांनाही ऐकू आला असावा, कारण ते हसले. बबनशेठनी दारातल्या बाभळीच्या ओंडक्यावर पातं टेकवलं.

रस्त्यापलीकडून भागवत धावत आला. टेलरची माप घ्यायची पट्टी गळ्यात तशीच. आल्या आल्या मशीन बंद केली, तात्यांच्या खिशातून डिसमिस काढला, स्क्रू बाहेर फिरवला अन् परत दोरी ओढली. आवाज उतरला.

"पहिलाच चांगला व्हता," बबनशेठ म्हणाले.

"काय केलं रे?" तात्यांनी दरडावलं. "गिऱ्हाईकासमोर माझ्या खिशात हात घालतो? कावून?"

भागवतनं स्क्रूकडं पाहिलं. मग माझ्या अंगठ्याकडं. जेवून धुतलेला तो पुन्हा काळा झालेला होता.

"सकाळी माझाच हात जास्त गेलता, तात्या," तो तात्यांच्या कानाशी वाकून म्हणाला. "पिस्टन चिकटला असता."

दुसऱ्या दिवशी सगळी हत्यारं पुजली. तात्यांनी हळदकुंकू लावलेला डिसमिस माझ्या हातात दिला. आई रडली. वडिलांनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला.

दसरा झाला अन् चकलांब्याहून एक जण मशीन घेऊन आला. तात्यांनी मुद्दाम पाच-सहा जणांना बोलावलं होतं. बबनशेठ होते, गुरुजी होते. मी मशीन सुरू केली, मोकळी पळवली, स्क्रूत डिसमिस घातला. नुसता आवाज येत होता. सगळा एकसारखा.

भागवत कोपऱ्यात पाठमोरा, घमेल्यात हात धूत होता. फेसानं भरलेला उजवा हात त्यानं खांद्याएवढा वर केला अन् एक बोट डावीकडं फिरवलं. थोडंसं.

मी तेवढंच फिरवलं. त्याचा हात खाली गेला.

तात्यांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं अन् म्हणाले, "रक्त हाय शेवटी. चुलत्याचा कान पुतण्यात उतरला."