आमच्या गल्लीत मी राहतच नव्हतो

आधी स्वच्छ सांगतो. फौजेत जायचं म्हणून मी चळवळ सोडली, हा आरोप खोटा आहे. मला बिनतारी यंत्रावर काम करायचं होतं, आणि अधूनमधूनच्या शिपाईगिरीत ते पुरतं शिकायला मिळत नव्हतं. एवढंच.

चिकलठाण्याच्या एका कंपनीत मी पाळीवर होतो. वर्षातून काही आठवडे टेरिटोरियलच्या, म्हणजे अर्धवेळ फौजेच्या, कॅम्पला जायचो, तिथं कवायत करायची, चिखलात लोळायचं आणि परत येऊन स्क्रू आवळायचे. उरलेल्या वेळात विद्यापीठाच्या नामांतर चळवळीची पत्रकं. अर्धा कामगार, अर्धा सैनिक, अर्धा कार्यकर्ता. हिशेब बसत नव्हता, ते मलाही दिसत होतं. कॅम्पात बिनतारीवर माझा हात बरा बसला. साहेबांनी पाहिलं आणि कायम पलटणीत ऑपरेटर म्हणून घ्यायचं ठरलं. राहिली फक्त पोलिसांची चौकशी. हा मुलगा दिलेल्या पत्त्यावर राहतो का, शेजारी ओळखतात का, वर्तन कसं आहे. ती निभली नाही तर नोकरी गेली.

दुसऱ्या गल्लीत ही साधी गोष्ट असेल. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत पोलिसानं नाव विचारलं की कुणीच कुणाला ओळखत नसे. मोर्चानंतर पोरं उचलून न्यायचे, म्हणून ही शिस्त आम्ही बसवली होती. 'आपला माणूस कोण, हे खाकीला सांगू नका,' हे पत्रकात मीच लिहिलेलं. नुसत्या छापण्यानं लोक तयार होत नाहीत, म्हणून तालीमही घ्यायचो. टेरिटोरियलचा सदरा घालून दारोदार जायचो आणि दरडावून माझंच नाव विचारायचो. कुणी चुकून आमच्या घराकडं बोट केलं, तर त्याला चारचौघांत झापायचो.

चौकशीचा हवालदार भर दुपारी सायकलवर आला. मोर्चातून मला अनेकदा गाडीत कोंबणारा तोच. गिरणीवाला म्हणाला, असा कुणी इथं नाही. पानटपरीवाल्यानं तर असल्या नावाचा माणूस कधी ऐकलाही नव्हता. शेवटी हवालदार आमच्या दारात आला. तिथं मी इस्त्रीच्या कपड्यांत उभा. माय बाहेर आली. माझ्याकडं बोट करून त्यानं विचारलं, हा तुमचा मुलगा का?

मायनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोन की बाई. सकाळपासून उभा हाय इथं."

मी म्हणालो, माय, ही खरी चौकशी आहे, नोकरीची. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं. तिला वाटलं ही तालीमच आहे, आणि या खेपेला मी हवालदारही कुठून तरी मागून आणलाय. तोवर गल्ली जमली. मी हात जोडले, जन्मापासूनच्या खाणाखुणा सांगितल्या. लोक कौतुकानं बघत राहिले. गिरणीवाला कानाशी येऊन म्हणाला, "आता नाय फसत आमी, भाऊ. मागच्या टायमाला लई बोलला तू."

हवालदार कपाळ पुसत कट्ट्यावर बसला. "तुला माझ्याइतकं कोन वळखतं? पन कसा वळखतो ते लिवलं तर तुझी नोकरी गेली."

आणि मी जावं, ही त्याची तळमळ माझ्यापेक्षा जास्त. मी पलटणीत गेलो की मोर्चातला त्याचा एक ताप कमी. माझ्या भल्यासाठी अख्ख्या शहरात धडपडणारा एकटा माणूस खाकीतला निघावा, याची चीड मला अजून येते.

तेवढ्यात कोपऱ्यावरची मावशी आली. तिचा माझ्याशी अबोला होता, त्यामुळं ती तालमीला कधी आलीच नव्हती.

"व्हय, वळखते ना. माझी चुन्याची भिंत ह्यानंच घाण केली."

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, नामांतर झालंच पाहिजे. हवालदारानं ते सावकाश वाचलं, मग भिंतीकडं पाठ करून बसला. मुलगा राहतो कुठं, विचारलं. मावशीनं आमचं दार दाखवलं. चोरी? दारू?

"तसलं काय नाय. नुसत्या भिंती."

शेजारी ओळखतात, वर्तन चांगलं, असं त्यानं लिहून टाकलं. जाताना मला म्हणाला, भिंत मला दिसली नाही, पण पुसून घे. मी म्हणालो, पुसणार नाही. तो सायकलवर बसला.

आता मायला पटलं. ती उंबऱ्यात बसली.

"म्हंजे खरंच चाललास?"

मी मान डोलावली.

"मग नाय वळखलं तेच बरं व्हतं," ती म्हणाली. "मोर्चातून उचलून नेलं तर चार दिसात घरी यायचास. ह्या फौजवाल्यांनी नेल्यावर कवा येशील?"

सुट्टी असते, मी म्हणालो. ती उठली आणि मी बरोबर न्यायच्या पेटीसाठी कुलूप शोधायला लागली.